मनगट मंदाबाईंचं, प्लास्टर झोप्यांचं

मंदाबाईंच्या मनगटातून ‘कट्’ असा आवाज पहिल्यांदा आला, तेव्हा त्यांचे यजमान जीवराम झोपे व्याह्यांच्या शेजारी पाटावर बसून बढाई मारत होते. सन पंचावन्नच्या मार्गशीर्षातली गोष्ट. जळगावात, झोप्यांच्या घरी, लेकीच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. धुळ्याचे तोतारामभाऊ, म्हणजे होणारे व्याही, तिसरा मांडा दुधात बुडवत होते आणि दर घासाला डोळे मिटत होते.

“लगनले मी शंभर माणूस आणसू,” ते म्हणाले, “पण मांडा व्यानबाईनाच हातना पायजेत. दुसरं काही नको.”

आता इथे शहाण्या माणसानं ‘बघू’ म्हणून मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला असता. पण जीवराम हे हेडक्लार्क होते आणि त्यांना मोघम उत्तराची चीड होती. “शंभर काय, दोनशे आणा!” ते गरजले. “आमच्या हिचा हात म्हणजे यंत्र आहे, यंत्र!”

नेमक्या त्याच वेळी चुलीपाशी यंत्रातून आवाज आला. मंदाबाईंच्या हातावरचा मांडा फाटून खापराऐवजी निखाऱ्यावर पडला आणि सगळं पुरण जळलं. पंगतीत बसलेल्यांना वाटलं, लाकूड तडकलं असेल.

ज्यांनी मांडा नुसता खाल्ला आहे त्यांना तो करणं काय असतं ते कळायचं नाही. इथे पोळपाट नाही, लाटणं नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि मनगटं फिरवत फिरवत तो अधांतरीच वाढवत न्यायचा. कोपरापर्यंत पसरला की चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. मंदाबाई हे वीस वर्षं करत होत्या. गल्लीतलं लग्न, बारसं, वास्तुशांत, काहीही असो, आधी मंदाबाईंना विचारायचं आणि मग भटजींना. त्यांनी कुणाला नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

लग्न माघात, म्हणजे पाच आठवड्यांवर. आणि मंदाबाईंना आता धुणं पिळलं की करंगळीच्या बाजूला कळ यायची, कळशी उचलली की कट् वाजायचं. त्या काही बोलत नव्हत्या. नुसत्या कळशी डाव्या हाताला घेऊ लागल्या होत्या. जीवरामांना मात्र झोप लागेना. आडनाव झोपे असलं, तरी काळजी लागली की हा माणूस अंथरुणात बसायचा, उठायचा, पाणी प्यायचा, पुन्हा बसायचा. कचेरीत ते दर अर्ध्या तासाला खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊ लागले. दोनशे माणसांचा शब्द देऊन बसले होते ना!

त्यांनी चौकशी सुरू केली. सरकारी माणसाची चौकशी ती; जळगावात ज्याला ज्याला मनगट होतं त्या प्रत्येकापर्यंत ती पोचली. कुणी लसूण घातलेलं तिळाचं तेल सांगितलं, कुणी निर्गुडीचा पाला. एकानं ‘हा हाडातला वात, चणे बंद करा’ असं सांगितलं आणि मंदाबाईंचं मनगट दुखतं म्हणून घरात आठ दिवस जीवरामांचे चणे बंद झाले. हे कसं झालं ते त्यांनाही समजलं नाही.

मग आले कौतिकनाना. हे जुने पहिलवान. आखाड्यात निखळलेले सांधे बसवण्यात त्यांचं नाव होतं. अर्थात बसलेले सांधे निखळवण्यातही त्यांचाच हात असे, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे.

“आना हात,” ओट्यावर बसत नाना म्हणाले.

मंदाबाई दाराआडूनच म्हणाल्या, “माहा हात बांगड्या भरनाऱ्या भिकुबाईबिगर कोनी धरत नाही. मी नाही देत.”

“मंग असं करू,” नाना म्हणाले, “जीवरामभाऊ, तुमचा आना. कसं वढायचं ते मी तुमच्या हातावर दावतो. तुमी मंग वहिनीले करा.”

जीवरामांना हा मार्ग पसंत पडला. त्यांनी बाही वर सारून उजवा हात पुढे केला. पुढचं त्यांना तुटक तुटक आठवतं. नानांचा एक पाय त्यांच्या खांद्याला लागला होता, गल्लीतली दोन माणसं ‘हां, हां’ म्हणत होती, आणि स्वतःचाच आवाज त्यांना मोटेच्या चाकासारखा ऐकू आला होता. नाना गेल्यावर त्यांनी हात न्याहाळला. मनगट सुजून भरताच्या वांग्याएवढं झालं होतं. बायकोला हा प्रयोग करून दाखवण्याचा विचार त्यांनी तिथेच सोडून दिला.

“झोपेसाब, हे गावठी काम सोडा,” शेजारचे कापडवाले सुगनचंदशेठ म्हणाले. “धुळ्याला माझ्या साडूच्या गल्लीत एक डॉक्टर आहे. बिजलीनं हाडाचा फोटू काढतो. एकदा फोटू निघाला की रोगाला लपायला जागाच नाही!”

फोटो, म्हणजे लेखी पुरावा! हेडक्लार्क खूश झाले. तोंडी रोगावर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. त्यांनी दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज दिला आणि मंदाबाईंना घेऊन धुळ्याची एस.टी. धरली.

गाडी एरंडोलला पंक्चर झाली, पारोळ्याला कंडक्टर उतरून चहाला गेला तो अर्ध्या तासानं आला, आणि मुकटीजवळ एक म्हैस आडवी आली. प्रत्येक धक्क्याला मंदाबाई डाव्या हातानं समोरचा दांडा धरत, आणि जीवरामही डाव्याच हातानं धरत. कारण त्यांचा उजवा हात नानांच्या प्रयोगापासून ठणकत होता. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती. रोगी कोण आणि बरोबरचा कोण, हा हुद्द्याचा प्रश्न होता.

दवाखान्यात फोटोचं काम अभिमन नावाचा कंपाउंडर पाहत होता. डॉक्टर अजून आले नव्हते. अभिमननं मान वर न करता विचारलं, “नाव?”

“झोपे.”

“मनगट कोणतं?”

“उजवं.”

त्यानं ते वहीत लिहिलं, पैसे घेतले, पावती फाडली, आत जाऊन फोटोची काच तयार केली आणि हाक मारली. मंदाबाई पदर सावरत आत गेल्या. अभिमननं त्यांच्या हातातला हिरव्या बांगड्यांचा डझन पाहिला आणि म्हणाला, “ह्या चालणार नाहीत. काढा. निघत नसतील तर फोडाव्या लागतील.”

सवाष्णीपुढे बांगड्या ‘फोडणं’ हा शब्द कोणी काढत नाही. फुटलेल्या बांगडीलासुद्धा ‘वाढली’ म्हणायचं, अशी रीत. मंदाबाईंचा चेहरा एकदम बदलला. त्या सरळ बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या.

“काढून टाक ना बांगड्या!” जीवराम कुजबुजले.

“नाही.”

“अगं, फोटोपुरत्या!”

“लेकीचं लगन तोंडावर आलं अन् मी भुंड्या हातानं बसू? नाही म्हंजे नाही.”

वीस वर्षांत मांड्यांसाठी मंदाबाईंनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. साठवलेले सगळे नकार त्यांनी धुळ्यात खर्च केले. जीवराम अभिमनकडे गेले. नोंद रद्द करता येईल का? नाही. पावती फाटली होती. बाईंची फिरून नोंद? मग नवी पावती, नवी काच, आणि काचा संपल्या होत्या, त्या सोमवारी येणार होत्या.

जीवराम येरझाऱ्या घालू लागले. बाकापासून दारापर्यंत, दारापासून बाकापर्यंत. मग त्यांनी पावती पुन्हा वाचली. ‘झोपे. उजवं मनगट.’ आपण झोपे आहोत. आपल्याला उजवं मनगट आहे. कागदात कुठेही चूक नाही! शिवाय हाडं काय, देवानं सगळ्यांना एकाच नमुन्याची दिलीत. मांडणी डॉक्टर फोटोत पाहतील, दुखणं आपण तोंडी सांगू. फाटलेली पावती वाया जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं नोकरीभराचं ब्रीद होतं. ते आत गेले आणि त्यांनी आपला हात काचेवर ठेवला.

तासाभरानं डॉक्टर आले. तरुण होते, मुंबईहून शिकून आलेले. त्यांनी ओला फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, “हाडाला चीर गेली आहे. ओढाताण झाली होती का?”

“नाही, ती मांडे करते,” जीवराम म्हणाले.

“कोण मांडे करते?”

“आमची ही. म्हणजे दुखणं तिचं आहे. हा हात माझा आहे.”

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला, जीवरामांकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो उचलला. “हात तुमचा असेल, तर चीरही तुमचीच,” ते म्हणाले आणि त्यांनी अभिमनला प्लास्टर भिजवायला सांगितलं. जीवरामांनी आपण रोगी नसल्याचं पुराव्यानिशी मांडलं. पण पुरावा दिव्यासमोर टांगलेला होता.

प्लास्टर वाळेपर्यंत डॉक्टर बाहेर आले आणि मंदाबाईंपासून हातभर अंतरावर उभे राहिले. “अक्का, मी हात लावत नाही. तुम्हीच मूठ वळा आणि कुलपात किल्ली फिरवल्यासारखं मनगट फिरवा.”

मंदाबाईंनी फिरवलं. कट् झालं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

“मनगटात, इथे करंगळीच्या बाजूला, दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची एक लहान चकती असते,” डॉक्टर म्हणाले. “पाण्याच्या हातपंपात असतं ना चामड्याचं वायसर, तशी. हाडावर हाड घासू नये म्हणून. पिळून पिळून, फिरवून फिरवून ती विरते, फाटते. तुमची फाटली आहे असं मला वाटतं.”

“फोटोत दिसली असती?” जीवरामांनी आतून विचारलं.

“नाही. फोटोत फक्त हाडं दिसतात. कूर्चा दिसत नाही.”

जीवरामांनी भिंतीला डोकं टेकलं. साठ मैल, एक पंक्चर, एक म्हैस आणि एक प्लास्टर. आणि पाहायची ती वस्तू फोटोत येतच नव्हती.

“औषध सोपं आहे,” डॉक्टर म्हणाले. “दीड महिना फळी बांधायची आणि हाताला विश्रांती. पिळायचं नाही, मळायचं नाही, मांडे तर मुळीच नाहीत. पण फळी घट्ट बसायला बांगड्या काढायला लागतील. आणि हे केलं नाहीत तर उरलेलीही फाटेल. मग त्या हातानं पाण्याचा पेलासुद्धा उचलवणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.”

“लगनानंतर पाहू,” मंदाबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

जळगावात मंडळी उतरली तेव्हा गल्ली ओट्यावर जमलीच होती. मनगट दुखत होतं ती बाई रिकाम्या हातानं उतरली आणि घेऊन गेलेला नवरा गळ्यात हात अडकवून उतरला. सुगनचंदशेठांनी प्लास्टर बोटानं वाजवून पाहिलं. मग म्हणाले, “डॉक्टर मोठा आहे. एकाचा रोग दुसऱ्यात काढतो!”

खरी अब्रू मात्र कचेरीत जायची होती. हजेरीपटावर सही करायला जीवरामांनी टाक डाव्या हातात धरला आणि जे उमटलं ते पाहून साहेब म्हणाले, “ही सही नमुन्याशी जुळत नाही. नियमाप्रमाणे अंगठा करा.” वीस वर्षं जीवरामांनी आसपासच्या खेड्यांतल्या माणसांचे अंगठे शाईत बुडवले होते, आणि प्रत्येक वेळी ‘अरे, शिका जरा, शिका!’ असं ऐकवलं होतं. आता त्यांचा स्वतःचा डावा अंगठा शाईत बुडाला. अंगठ्याला साक्ष लागते, ती शिपाई झिपरूनं केली. झिपरू पन्नाशीचा होता आणि प्रौढांच्या वर्गात जाऊन नुकताच लिहायला शिकला होता. त्यानं एकेक अक्षर जिभेनं ओठ ओला करत काढलं: ‘निशाणी अंगठा, जीवराम झोपे, माझ्या समक्ष केला असे.’ मग टीपकागद दाबत म्हणाला, “भाऊसाहेब, आमच्या वर्गात जागा आहे बरं का.”

घरी तर आणखी वाईट. जीवरामांना सदऱ्याचं बटण लावता येईना, भाकरी मोडता येईना. ते सगळं मंदाबाई करत. दुखऱ्या हातानं करत. एका रोगी मनगटावर आता दोन माणसांचं काम पडलं होतं. जीवराम तिच्या मागेमागे फिरत, ‘ठेव, मी करतो’ म्हणत, डाव्या हातानं कळशी उचलत आणि अर्धी चुलीत सांडत. मग चूल पुन्हा पेटवायची ती मंदाबाईंनीच. दिवसातून दहा वेळा ते बसत आणि अकरा वेळा उठत. लग्न दोन आठवड्यांवर आलं आणि एका सकाळी मंदाबाईंच्या हातून पाण्याचा पेला पडला. साधा पितळी पेला. तो घरंगळत जीवरामांच्या पायाशी आला. दोघांनीही तो पाहिला, आणि जीवरामांनी तो डाव्या हातानं उचलून ठेवला.

त्याच दुपारी लग्नाचा चुडा भरायला भिकुबाई आली. तिनं टोपली उतरवली, मंदाबाईंचा उजवा हात मांडीवर घेतला आणि दाबून पाहताच थबकली. “मंदाबाई, हे काय करून ठेवलं वं? आतून सगयं ढिलं झालं.” मग टोपलीतून हळदीचा पिवळा दोरा काढून तिनं तो मनगटाला गुंडाळला, गाठ मारली, आणि एकेक करून जुन्या बांगड्या तेलाच्या हातानं सरकवून काढल्या. एकही वाढली नाही.

जीवराम दारात उभे होते. “थांबा!” ते ओरडले. “हात भुंडा झाला!”

“भुंडा कसा? दोरा आहे ना,” भिकुबाई म्हणाली. “चुडा उतरवला की नवा भरेपर्यंत दोरा. आजीच्या काळापासून चालतं हे.”

“किती वेळ चालतं?”

“भरेपर्यंत. मंग एक दीस असो का दोन महिने.”

जीवराम खाली बसले. खरोखर बसले, आणि उठले नाहीत. दोरा! एक पिवळा दोरा! त्यांनी मंदाबाईंकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“मले नाही तर कोनाले माहीत असनार?”

“मग धुळ्याला बोलली का नाहीस?”

“तुमी इचारलं कुठी?” मंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “सगयांले इचारलं तुमी. शेठले इचारलं, पहिलवानाले इचारलं, त्या फोटूवाल्याले इचारलं. मले म्हने, काढ बांगड्या. मी म्हनलं, नाही. तं तुमी सोताचा हात घालून मोकये झाले.” त्या थोडं थांबल्या. “अन् दोऱ्याचं मी मुद्दामच नाही बोलले. फयी बांधली की मांडे गेले. पोटच्या लेकीच्या लगनात दुसरीच्या हातचे मांडे? मांडे नाही करत त्या मंदाबाईले मंग कोन इचारतं?”

भिकुबाई टोपलीतल्या बांगड्या उगाचच पुन्हा लावू लागली. जीवरामांना एकदम लाज वाटली. तीन आठवडे त्यांनी या मनगटाचा पिच्छा पुरवला होता, पण तो दोनशे माणसांच्या शब्दापायी. एक साधा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. तो त्यांनी आता विचारला.

“दुखतं का गं?”

मंदाबाईंनी मान खाली घातली. “लय दुखतं,” त्या म्हणाल्या आणि पोरीसारख्या रडल्या.

डॉक्टरांनी निघताना बरोबर दिलेली फळी कपाटावर तशीच पडून होती. भिकुबाईनं ती दोऱ्यावर ठेवून पट्टीनं बांधली. मनगट कसं धरायचं हे तिला धुळ्याच्या डॉक्टरइतकंच कळत होतं. डाव्या हातात तिनं नव्या हिरव्या बांगड्या भरल्या.

मग जीवरामांनी झिपरूला बोलावणं पाठवलं. व्याह्यांना पत्र लिहायचं होतं. ‘मांडे होणार नाहीत. मी दिलेला शब्द चुकीचा होता. हिचं मनगट अधू झालं आहे आणि ते मला जपायचं आहे. बुंदी करू. राग मानू नये.’ झिपरूला एवढं लिहायला पाऊण तास लागला. जीवराम तेवढा वेळ एका जागी बसून राहिले. शेवटी सही. नमुन्याशी जुळणारी सही नव्हतीच. त्यांनी आपणहून अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला.

“साक्ष लागते,” झिपरू म्हणाला. नियम आता त्याला पाठ होते.

“मी करते,” मंदाबाई म्हणाल्या. त्यांना सही येत होती, पण उजवा हात फळीला बांधलेला होता. त्यांनीही डावा अंगठा बुडवला आणि नवऱ्याच्या अंगठ्याशेजारी उमटवला. झिपरूनं त्याखाली लिहिलं, ‘दोघांचे अंगठे माझ्या समक्ष.’

चार दिवसांनी धुळ्याहून कार्ड आलं. तोतारामभाऊ बोलत तसंच लिहीत. ‘आम्ही सोयरीक घरसंगे करेल शे, खापरसंगे नही. व्यानबाईले हात संभायाले सांगा. बुंदी चालई.’ जीवरामांनी ते मंदाबाईंना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः वाचलं.

लग्न बुंदीवर झालं. मंदाबाई फळी बांधलेला हात मांडीवर ठेवून मांडवात खुर्चीवर बसल्या. आल्या-गेल्या प्रत्येक बाईनं त्यांच्याजवळ बसून हात कसा आहे ते विचारलं, आणि निम्म्या जणींनी आपापली मनगटंही दाखवली.

फाल्गुनात दोघं पुन्हा धुळ्याला गेली. या वेळी कागद दोन होते आणि नावंही दोन. आधी मंदाबाईंची फळी निघाली. डॉक्टर म्हणाले, फिरवा. अभिमनसुद्धा हातातलं काम ठेवून कान देऊन उभा राहिला. मंदाबाईंनी मनगट फिरवलं. एकदा, दोनदा. काही वाजलं नाही. “जड काम जपून, आणि मांडे सणासुदीला, दोन-चारच,” डॉक्टर म्हणाले.

मग जीवरामांचं प्लास्टर कापलं. हात निघाला तो पांढराफटक. त्यांनी ऐटीत मूठ वळली आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवलं.

कट्.

डॉक्टर पुढे झाले, अभिमन नवी काच आणायला वळला, आणि जीवराम लगबगीनं पावती शोधू लागले. मंदाबाईंनी त्या सगळ्यांना डाव्या हातानं थांबवलं. परक्या गावात, परक्या माणसांदेखत, त्यांनी नवऱ्याचं मनगट आपल्या हातात घेतलं आणि विचारलं, “दुखतं का हो?”